हेडसेटमध्ये नाडी लागते का?

व्हीआर हेडसेट घालून रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी तयार करायचे, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. तिच्यासोबत काही ठाम समजही आले आहेत. त्यातला सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे कंट्रोलर हातात थरथरला, की स्पर्श मिळाला.

सीपीआरचंच बघा. प्रौढ माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. किती जोर लावायचा हे खांद्यांना कळतं ते खालून येणाऱ्या विरोधामुळे. थरथरणारा कंट्रोलर हाताला अडवत नाही, हात हवेतून सरळ खाली जातो. नाडी बघणं त्याहून नाजूक. बोटं हलकेच टेकवायची, जास्त दाबलं तर धमनीच बंद होते आणि नाडी गायब. शिवाय कंट्रोलर मुठीत धरल्यावर बोटं मोकळी राहतात कुठे?

खरा विरोध देणारी यंत्रं आहेत. एमआयटीत 1990च्या दशकात थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी घडवलेलं ‘फँटम’ त्यातलं गाजलेलं. पण हाताला फसवणं डोळ्याला फसवण्यापेक्षा अवघड. चित्र सेकंदाला 90 वेळा बदललं तरी डोळा खूश असतो. कडक वस्तू कडक वाटायला मात्र बळ सेकंदाला साधारण 1000 वेळा बदलत राहावं लागतं. त्यात हे यंत्र टेबलावर बसवलेलं, रस्त्यावर गुडघे टेकून काम करणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

‘आता सरावाचे रबरी पुतळे अडगळीत जाणार’ हा समज म्हणूनच टिकत नाही. युरोपीय संघाच्या निधीतून 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘मेडफर्स्टएमआर’ प्रकल्पाने पुतळा ठेवला आणि त्याच्यावर चित्र चढवलं. ऑस्ट्रियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही त्याची समन्वयक संस्था. हेडसेटमध्ये दिसतो अपघातातला जखमी, हात पडतो तो खऱ्याखुऱ्या पुतळ्यावर. स्पर्शाचा आभास देणाऱ्या महागड्या हातमोज्यांपेक्षा ही युक्ती मला शहाणपणाची वाटते. पण दिसणारं मनगट आणि हाताला लागणारं मनगट तंतोतंत एका जागी हवं. दोन-चार सेंटीमीटर इकडेतिकडे झालं, की बोटं नाडी सोडून भलतीकडे.

आणि नाडी चुकली की निर्णय चुकतो. मोठ्या दुर्घटनेत जखमींची वर्गवारी करण्याची ‘स्टार्ट’ पद्धत 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचमध्ये तयार झाली. एका जखमीमागे जेमतेम अर्धा मिनिट मिळतो. चालू शकणाऱ्याला हिरवी चिठ्ठी, श्वास मिनिटाला 30च्या वर गेला तर लाल, आणि पुढे सुधारलेल्या रूपात मनगटावर नाडी लागली नाही तरी लाल. पुतळ्यावर हे शिकवता येतं. पण वर्गात धूर, किंकाळ्या आणि हात धरून ओढणारे नातेवाईक आणायचे कुठून? व्हीआर कामाला येतं ते इथे. ‘खेळच तो, ताण कसला?’ असं म्हणणाऱ्यांसाठी सांगायचं तर, ‘मेडफर्स्टएमआर’ प्रकल्पातच प्रशिक्षणार्थींच्या हृदयाचे संकेत मोजून ताणाचा अंदाज घेण्यावर काम झालं.

जितकं हुबेहूब तितकं शिक्षण पक्कं, हेही सरसकट खरं नाही. येल विद्यापीठातला 2002चा प्रयोग प्रसिद्ध आहे. व्हीआरवर सराव केलेल्या शिकाऊ सर्जननी पित्ताशय सोडवण्याचं काम 29 टक्के कमी वेळात केलं, चुकाही कमी केल्या. त्यांनी सराव केला होता तो साध्या भौमितिक आकारांवर, आणि त्या यंत्रात हाताला विरोध मुळीच नव्हता! स्पर्श कुठे लागतो आणि कुठे नाही, हे आधी ठरवावं आणि मगच खरेदीला निघावं.

हेडसेट घालून गरगरण्याचं म्हणाल तर, होतं काहींना. मान वळवल्यावर चित्र मागे रेंगाळलं की जास्तच.

राहिला प्रत्यक्ष ड्युटीचा सराव. महाराष्ट्रात 2014 पासून धावणाऱ्या 108च्या गाडीवरच्या माणसाला जुन्या चाळीच्या अरुंद जिन्यावरून रुग्ण खाली आणावा लागतो. ऐंशी किलोंचं ते वजन हेडसेट देत नाही. त्यासाठी खरा जिना, खरं स्ट्रेचर आणि वर झोपायला तयार असलेला एखादा सहकारीच लागतो.