ओसाका नगराचा चित्रित आडपडदा

ऑस्ट्रिया देशांतील ग्रात्स नगराच्या पश्चिमेस एगेनबर्ग नांवाचा राजवाडा आहे. त्यांतील एका लहान दालनास 'इंडियन दालन' अशा अर्थाचें नांव आहे. हें नांव वाचून तेथें हिंदुस्थानांतील कांहीं पाहावयास मिळेल अशा समजुतीनें जो आंत जाईल त्याची निराशा होईल. भिंतींत बसविलेल्या आठ उभ्या चौकटींत जें नगर दिसतें तें जपानांतील ओसाका होय. पूर्वेकडून आलेल्या वस्तूस, मग ती चिनी असो वा जपानी, सरसकट 'इंडियन' म्हणण्याची त्या काळीं युरोपांत चाल होती. त्या सैल बोलण्यानें आपल्या देशाचें नांव या चित्रास चिकटलें आहे.

या चौकटी मुळांत भिंतीसाठीं केलेल्या नव्हत. त्या एका घडीच्या आडपडद्याचे भाग होत. जपानी भाषेंत अशा पडद्यास ब्योबू म्हणतात. शब्दशः अर्थ वाऱ्याचा आडोसा. हलक्या लांकडी जाळीवर कागदाचे थर चढवून एकेक चौकट तयार करितात आणि कागदाच्याच बिजागऱ्यांनीं त्या एकमेकींस जोडितात. पडदा नागमोडी उभा राहतो व काम झालें कीं मिटून ठेवितां येतो. सहा चौकटींच्या पडद्यांची जोडी हा नेहमींचा प्रकार. आठ चौकटींचा पडदा त्या मानानें विरळा. प्रस्तुत पडदा उलगडला असतां सुमारे ६ फूट उंच आणि १६ फूट रुंद भरे. तो उजवीकडून डावीकडे पाहावयाचा असतो. उजव्या बाजूस दक्षिण आहे व डाव्या बाजूस उत्तर. म्हणजे पाहणारा पश्चिमेस उभा राहून पूर्वेकडे तोंड करून आहे, अशी चित्रकाराची कल्पना.

दक्षिणेकडे साकाई हें व्यापारी बंदर व सुमियोशीचें देवस्थान दिसतें. त्यापुढें शितेन्नोजी. या मंदिराच्या नांवाचा अर्थ चार देवराजांचें मंदिर असा असून हे राजे म्हणजे आपल्या बौद्ध ग्रंथांतील चतुर्महाराज, चार दिशांचे लोकपाल होत. मध्यभागीं ओसाकाचा किल्ला, त्याचा अनेकमजली मनोरा, खंदक, नदी आणि नावा. भोंवतीं दुकानें व रस्ते, आणि त्यांत जवळजवळ पांचशें माणसें. अगदीं डावीकडे उजी येथील ब्योदोइन मंदिरहि आहे. वास्तविक उजी किल्ल्यापासून सुमारें वीस मैल दूर. परंतु चित्रकारानें मध्यें सोन्याच्या वर्खाचे ढग पसरून तें अंतर गिळून टाकिलें आहे. नकाशा समजून या चित्रावर काटकोन लावूं जाणारा फसेल.

किल्ल्याचा इतिहास थोडक्यांत असा. सामान्य कुळांत जन्मून सर्व जपानचा सत्ताधीश झालेल्या तोयोतोमी हिदेयोशीनें तो इ. स. १५८३ मध्यें बांधावयास घेतला. १५९८ त हिदेयोशी वारला. १६०० त सेकिगाहाराच्या लढाईनें सत्ता तोकुगावा घराण्याकडे गेली, आणि १६१५ च्या उन्हाळ्यांत त्या घराण्याच्या सैन्यानें ओसाका घेऊन जाळिलें. हिदेयोशीचा मुलगा हिदेयोरी त्यांत मेला. तोकुगावांनीं १६२० पासून तेथें नवा किल्ला उभारिला. त्यासाठीं जुन्या तटांवर माती लोटून ते गाडून टाकिले. ते तट १९५९ त खणतांना सांपडले. अर्थात् चित्रांतील किल्ला आज जमिनीच्या पोटांत आहे.

पडद्यावर चित्रकाराचें नांव नाहीं, वर्ष नाहीं. जाणते लोक तो सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मानितात. मग चित्रांतील काळ कोणता? येथें दोन काळ वेगळे धरावे लागतात: जें चित्रिलें त्याचा एक, आणि जेव्हां चित्रिलें त्याचा दुसरा. आमच्या मतें हा पडदा म्हणजे रंगांत लिहिलेली बखर होय. बखरकार घडून गेलेल्या वैभवाकडे मागें वळून पाहतो. त्याच्या प्रत्येक शब्दावर भिस्त ठेवितां येत नाहीं, तशी ती बखर फेंकूनहि देतां येत नाहीं. तिच्यांतील एखादी गोष्ट अस्सल कागदांशीं जुळते कीं काय, हें पाहावें लागतें.

या चित्रांत तशी एक गोष्ट आहे. किल्ल्याच्या खंदकावर छपराचा, मध्यें मनोरा असलेला एक शोभिवंत पूल काढिला आहे. त्याचें नांव गोकुराकु पूल. गोकुराकु म्हणजे अमिताभ बुद्धाचा स्वर्ग, संस्कृतांतील सुखावती. हा पूल १५९६ त बांधला गेला आणि त्याच सुमारास जपानांतील जेसुइट पाद्री लुईश फ्रोइश यानें त्याच्या सोनेरी कामाचें वर्णन लिहिलें. १६०० त तो तेथून काढून क्योतो येथील हिदेयोशीच्या समाधिस्थानीं नेला व १६०२ त तेथून बिवा सरोवरांतील चिकुबु बेटावर. त्या बेटावरील होगोनजी मंदिराचा महाद्वार त्याच्याच अवशेषांतून झाला असें मानितात. हें बेट बेन्झाइतेन देवीचें, म्हणजे आपल्या सरस्वतीचें, जुनें स्थान आहे. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या मनुष्यास हें वाचून जो आनंद झाला तो येथें लपवीत नाहीं. पुलाच्या या हकीकतीवरून चित्रांतील देखावा १५९६ ते १६०० या चार वर्षांतला ठरतो. चित्र त्यानंतरचें आहे. तरीहि नाहींशा झालेल्या पुलाचें रूप चित्रकारास ठाऊक होतें. दरवाजा उरला तरी संपूर्ण पूल कसा दिसे हें दाखविणारा हा मोलाचा पुरावा आहे.

उलट जें चित्रांत नाहीं तेंहि ध्यानांत घ्यावें. युद्ध नाहीं, आग नाहीं. ओसाका येथील संग्रहांत कुरोदा घराण्याकडून आलेली पडद्यांची दुसरी जोडी आहे. तींत १६१५ ची लढाई असून एका पडद्यावर जीव घेऊन पळणारे, नदींत बुडणारे, लुटले जाणारे नगरवासी आहेत. पहिल्या पडद्यावर बाजारांत हिंडणारीं माणसें पाहून मग दुसरा पाहावा. नगर तेंच आहे.

हा पडदा युरोपांत आला तेव्हां जपानशीं व्यापार करण्याची मुभा युरोपीयांपैकीं डचांनाच होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत एगेनबर्गचा अधिपति योहान सायफ्रीड यानें तो विकत घेतला. पुढील शतकाच्या मध्यास वाड्याच्या नव्या मालकांनीं त्याच्या आठ चौकटी सुट्या करून भिंतींत बसविल्या आणि मधल्या जागा चिनी धाटणीच्या युरोपीय चित्रांनीं भरिल्या. त्यामुळें नदीचा प्रवाह जागोजाग तुटला. तथापि भिंतीची शोभा म्हणून बसविल्यामुळेंच तो वांचला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. इ. स. २००० नंतर त्याची खरी ओळख पटली, आणि २००९ त ओसाका व एगेनबर्ग या दोन वास्तूंनीं मैत्रीचा करार केला.

याहून जुना असाच एक पडदा आमच्या किनाऱ्यानें गेला होता. ओदा नोबुनागा यानें आपल्या अझुची या किल्ल्याचें व नगराचें चित्र असलेले पडदे १५८१ त जेसुइट अधिकारी व्हालिन्यानो यास दिले. १५८२ त चार जपानी तरुण ते घेऊन नागासाकीहून निघाले, १५८३ त गोव्यास पोहोंचले आणि १५८५ त रोम येथें पोप तेरावा ग्रेगरी यास ते नजर झाले. १५८२ च्या जून महिन्यांतच नोबुनागा मारला गेला होता व अझुचीचा किल्ला जळाला होता. गोव्यास जें चित्र आलें त्यांतील किल्ला त्या वेळीं राख झालेला होता. व्हॅटिकनांतील तें चित्र पुढें नाहींसें झालें आणि आजवर हातीं लागलेलें नाहीं.