हिऱ्याला धार लावणारा दगड

सुरतेतल्या कतारगामच्या गल्लीतून दुपारी चालताना खिडक्यांमागून एकसुरी घरघर ऐकू येते. ती घंटीची. गुजरातीत घंटी म्हणजे जातं, आणि या जात्यावर हिरे घासतात. एका घंटीभोवती चार रत्नकलाकार बसतात, मधे लोखंडी तबकडी मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेत असते. तिला इथे सरण म्हणतात. हा शब्द ऐकला की मला दारोदार सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरणारा गुजरातचा सराणिया आठवतो, आणि त्याच्यामागोमाग आपला शिकलगार. संस्कृतात शाण म्हणजे धार लावायचा दगड; आपली चंदनाची सहाण त्याच घरातली.

धार लावणं म्हणजे मुळात ओरखडे काढणं. दगडातले कण पोलादापेक्षा कठीण असतात, ते पात्याचा धातू खरवडतात. दगड निवडायचा म्हणजे ओरखडा केवढा हवा ते ठरवायचं. आमच्या विळीच्या पात्याला नारळ फोडून फोडून खाचा पडल्या होत्या आणि धारेमागचा भाग जाड झाला होता. अशा वेळी धारेचा उतारच नव्याने घडवावा लागतो, आणि त्याला २२० ते ४०० नंबरचा भरड दगड हवा. बरेच लोक पहिल्यांदाच ३०००-४०००चा मुलायम दगड आणतात आणि तासभर घासून कंटाळतात. तो दगड शेवटचा हात फिरवायला. नेहमीच्या वापराला १००० नंबर पुरतो, त्याचे कण साधारण १५ मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढे. एका बाजूने घासत राहिलं की पलीकडच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागते. धार टोकापर्यंत पोचल्याची ती खूण. मग बाजू बदलायची.

हे कण कशाचे? पूर्वीचे कारागीर कुरुंदाचा चुरा लाखेत कालवून चाकं बनवत. इंग्रजीतलं 'कोरंडम' हे नाव तमिळ कुरुंदमवरूनच घडलं. १८९१मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरा करायला निघाले आणि हाती लागलं सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे दुकानात मिळणारा कार्बोरंडमचा दगड. हिरा हुकला, पण जगभरच्या सुऱ्यांना धार मिळाली! खरा कृत्रिम हिरा डिसेंबर १९५४मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत बनला. आता तसल्या हिऱ्यांचा चुरा निकेलने पत्र्यावर बसवलेली पाटी घरगुती सुरीलाही मिळते. दगड झिजून मधे खोलगट होतो, ही पाटी सपाटच राहते, म्हणून मला ती भरड कामाला सगळ्यात आवडते.

पण पोलादाला हिरा मिळाला, तर हिऱ्याला काय? त्याच्याहून कठीण दगड कुठून आणायचा?

सरणीवर तेलात कालवलेला हिऱ्याचाच चुरा चोपडतात. सारखाच कठीण पदार्थ सारख्याच कठीण पदार्थाला कसा झिजवतो, हे कोडं मला वर्षानुवर्षं छळत होतं. उत्तर असं की हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो. अणूंच्या रचनेमुळे एका दिशेने तो घासला जातो, दुसऱ्या दिशेने तासन्‌तास दाद देत नाही. चुऱ्यातले कण मात्र वाट्टेल तसे पडलेले असतात, त्यामुळे काहींची सगळ्यात कठीण बाजू नेमकी समोर येते. २०१०मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या संशोधकांनी संगणकावर अणू न् अणू मांडून पाहिला. घासताना पृष्ठभागावरच्या अणूंची शिस्त मोडते, काजळीच्या जातीचा विस्कटलेला कार्बनचा थर तयार होतो आणि कण तो थर सोलून नेतात. दिशा बदलली की थर तयार व्हायचा वेगही बदलतो. म्हणजे ज्या क्षणी हिरा झिजतो, त्या क्षणी तिथे तो हिरा उरलेलाच नसतो!

घंटीवरच्या कारागिराला हे गणित हाताने कळतं. दांड्याच्या टोकाला पकडलेला तांदळाच्या दाण्याएवढा खडा तो सरणीला टेकवतो, उचलतो, भिंगातून बघतो, किंचित फिरवून पुन्हा टेकवतो. दिशा चुकीची असेल तर खडा नुसता घसरतो. पुन्हा उचलतो, पुन्हा फिरवतो. मग आवाज बदलतो, आणि तो मान खाली घालून कामाला लागतो. गोल हिऱ्याचे ५७ पैलू, आणि प्रत्येक पैलूसाठी ही वाट नव्याने शोधायची.