ट्रॉली कुठे जोडायची?

दिवाळी सरली की आमच्या जुन्नर-आंबेगावात रस्त्यावर उसाच्याच ट्रॉल्या. काही निवृत्तीनगरच्या 'विघ्नहर'ला, काही पारगावच्या 'भीमाशंकर'ला. अकरावीत असताना मी काकांबरोबर ट्रॅक्टरवर होतो. चढावर पुढची चाकं उचलली! काकांनी क्लच-ब्रेक एकदम दाबले म्हणून वाचलो. ट्रॉली वरच्या हुकाला जोडली होती.

कारण कळलं ते इथे, मेकॅनिक्सच्या तासाला. 8 टनांची ट्रॉली, 10 मीटरला 1 मीटर चढ, म्हणजे ओढ निदान 800 किलो. जोड जमिनीपासून 80 सेंमीवर आणि मागच्या-पुढच्या चाकांत 2 मीटर अंतर असेल, तर पुढचा भार 800 × 0.8 ÷ 2 = 320 किलोंनी घटतो. जोड 45 सेंमीवर घ्या, तोच आकडा 180!

उतारावर उलटं. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर तीच ट्रॅक्टरला ढकलते. म्हणून ट्रॅक्टर घेताना नुसते एच.पी. बघू नका, वजनही बघा. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडा, पिनेला क्लिप लावा, जोडीला साखळी हवीच. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडा, उतार खालच्या गिअरमध्येच उतरा.

काका आता निघण्याआधी वाकून पिन बघतात. त्यांच्यानंतर मीही बघतो.