अंतर्गृहातील ब्रोमेलियाड : मराठवाड्याच्या कोरड्या हवामानातील संगोपन

प्रस्तावना :
अननस ज्या ब्रोमेलिएसी कुलात मोडतो, त्यात तीन हजारांहून अधिक जाती असून एक पश्चिम आफ्रिकी जाती वगळता सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी अननस भारतात आणला. त्याच्याच कुलातील गुझमानिया, व्रीसिया, एकमिया ही शोभेची रोपे आता रोपवाटिकांत मिळतात. तथापि फुलोरा ओसरल्यावर रोप वाळू लागते आणि आपलीच चूक झाली असे समजून ते टाकून दिले जाते. हा गैरसमज दूर करणे आणि धावडा (ता. भोकरदन, जि. जालना) यांसारख्या गावांतील हवामानास अनुरूप संगोपन सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जीवनक्रम :
केळीच्या एका खुंटाला एकदाच घड येतो व पुढे मुनवे वाढतात. ब्रोमेलियाडचेही तसेच आहे. त्याचा लाल-पिवळा भाग म्हणजे पाकळ्या नसून रंगीत छदे होत. म्हणूनच शोभा अनेक आठवडे टिकते. त्यानंतर मातृरोप हळूहळू सुकते, परंतु त्याच्या बुडाशी पिल्ले फुटतात.

पाणी व माध्यम :
पानांच्या मध्यभागी पेल्यासारखी पोकळी असते. रोप पाणी मुख्यतः तेथूनच घेते. पोकळीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुरे. विंधन विहिरीच्या जड पाण्यातील क्षार पानांवर साचतात. म्हणून पावसाळ्यात साठविलेले पाणी उत्तम. आठवड्यातून एकदा पोकळी रिकामी करून नवे पाणी भरावे. अन्यथा तेथे डासांची पैदास होते. तांबे या रोपांस विषारी ठरते. म्हणून मोसंबीसाठी केलेले मोरचुदाचे बोर्डो मिश्रण त्यांवर फवारू नये. तांब्याच्या भांड्यातील पाणीही टाळावे.

मुळांचे मुख्य कार्य आधार देणे हे असल्याने पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या मातीत ती कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा व थोडे कोकोपीट असे मोकळे मिश्रण वापरावे.

प्रकाश व ऋतुमान :
पूर्वेकडील खिडकीतील सौम्य प्रकाश मानवतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, तेव्हा कुंडी खिडकीपासून आत घ्यावी आणि पाणी भरलेल्या ताटलीतील खड्यांवर ठेवावी. थंडीत पोकळीतील पाणी कमी करावे.

पुनरुत्पादन :
पिल्लू मातृरोपाच्या एक-तृतीयांश ते निम्म्या उंचीचे झाल्यावर धारदार सुरीने वेगळे करून लावावे. योग्य निगा राखल्यास एक ते तीन वर्षांत ते फुलते. पूर्ण वाढ होऊनही फुलले नाही, तर पोकळीतील पाणी काढून रोप पिकलेल्या सफरचंदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत सुमारे आठवडाभर सावलीत झाकून ठेवावे. फळातून निघणारा एथिलीन वायू पुष्पधारणेस चालना देतो.

निष्कर्ष :
पाण्याची टंचाई असणाऱ्या प्रदेशातही हे रोप जोपासता येते. कारण त्यास पाणी अल्प लागते, मात्र ते स्वच्छ असावे लागते. फुलोऱ्यानंतर मातृरोपाचे सुकणे हे अपयश नसून पुढील पिढीचा आरंभ होय. म्हणून पिल्ले वेगळी करण्याजोगी होईपर्यंत वाळते रोप उपटू नये.