जुना संगणक आणि नवें जाळें

पुष्कळ घरांत एखादा जुना संगणक अद्यापि जपून ठेवलेला असतो. त्यांत वडील मंडळींनीं जुन्या टंकांत लिहिलेले लेख असतात, हिशेब असतात, छायाचित्रें असतात. हा संग्रह नव्या संगणकावर आणावा अशी इच्छा होते, आणि दोन्ही यंत्रें एका जाळ्यास जोडावीं हा सोपा उपाय सुचतो. तो वाटतो तितका सोपा कां नाहीं, याचा आज थोडा विचार करूं.

दोन यंत्रांस तार जोडली म्हणजे त्यांचा संवाद सुरू होतो असें नाहीं. त्यासाठीं दोघांना एक भाषा यावी लागते. विंडोज एक्सपी ही ऑपरेटिंग सिस्टीम २००१ सालची. फाइलींच्या देवघेवीसाठीं तिला एसएमबी नांवाच्या भाषेची केवळ पहिली आवृत्ति ठाऊक आहे. उलट, २०१७ च्या अखेरीपासून नव्यानें बसविलेल्या विंडोज १० मध्यें ती आवृत्ति बहुधा बंद असते. त्यामुळें नवें यंत्र जुन्याच्या हांकेस ओ देत नाहीं, आणि आपण उगाच तारेस दोष देतों.

ही भाषा बंद करण्यास सबळ कारण आहे. १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा उपद्रवी प्रोग्रॅम तिच्याच वाटेनें जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे; ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. एक्सपीचा नियमित आधार ८ एप्रिल २०१४ रोजींच संपला होता; तिची दुरुस्ती सर्वांस मिळाली ती हा उत्पात झाल्यानंतर. परंतु बाधित यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ चीं होतीं, आणि त्यांची दुरुस्ती तर मार्चमध्येंच निघाली होती! म्हणजे खरा दोष वयाचा नव्हे, डागडुजी न होण्याचा. ज्या यंत्राची डागडुजी आतां होणारच नाहीं, त्यास बाहेरच्या जाळ्यांत सोडूं नये. त्याच्या सोयीसाठीं घरच्या वायफायचें संरक्षणही शिथिल करूं नये. तसें केल्यास घरांतील प्रत्येक यंत्र उघडें पडतें.

मग करावें काय? थोड्या फाइली असतील तर पेनड्राइव्ह पुरे; मात्र त्या उघडण्यापूर्वीं नव्या यंत्रावर विषाणु-तपासणी करावी. संग्रह मोठा असेल तर जुन्याची हार्डडिस्क काढून अडॅप्टरनें नव्यास जोडावी. तारच जोडावयाची तर ती दोन यंत्रांमध्यें थेट जोडावी, राउटर नको. नव्याचें वायफाय तेवढा वेळ बंद ठेवावें. एकास १९२.१६८.१०.१ व दुसऱ्यास १९२.१६८.१०.२ असा पत्ता द्यावा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा आणि गेटवेची जागा रिकामी सोडावी. गेटवे म्हणजे गांवची वेस. ती दाखविलीच नाहीं म्हणजे जुन्या यंत्रास बाहेरची वाट उरत नाहीं. नव्या यंत्रावर एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीचा केवळ क्लायंट चालू करावा, व काम होतांच बंद करावा. जुने टंकही सोबत आणावे. नाहीं तर मराठी मजकुराच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरें दिसतील.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला आहे. तेव्हां हा प्रश्न आतां केवळ अडगळीच्या खोलींतील यंत्राचा राहिलेला नाहीं. ज्यांचें रोजचें यंत्र तेंच आहे, त्यांनीं आपला संग्रह वेळींच दुसरीकडे उतरवून घ्यावा. यंत्र चालतें आहे तोंवरच हें काम सोपें असतें.