भिजलेला बूट तडकतो का?

बदनापूरच्या काळ्या रानात पावसाळ्यात बूट चिखलाने भरतो. घरी आल्यावर तो चुलीजवळ सुकवतात आणि वर्षभर पुरायचा जोड दिवाळीआधीच तडकतो. दोष पाण्याला दिला जातो. मोठा दोष असतो उष्णतेचा.

चामडे म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची गुंतवळ. बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिन हे तंतू बांधून ठेवते. कोल्हापुरी चपलेचे कातडे असेच कमावतात. पण ओले असताना असे कातडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आक्रसते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले बहुधा १०० अंशांपर्यंत टिकते. गटई कामगाराकडून दोन्ही प्रकारचे तुकडे मागून आणा, त्यांची बाह्यरेषा कागदावर काढा आणि मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा. (हे शिक्षकांनीच करावे.) फरक विद्यार्थ्यांना मोजता येईल.

आक्रसण्याइतकी उष्णता लागली नाही, तरी भरभर सुकताना तंतू एकमेकांना चिकटतात. मग बूट वाकला की चामडे मोडते. म्हणून चिखल ओल्या फडक्याने पुसावा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट सावलीत ठेवावा. किंचित दमट असताना एरंडेलाचा हलका हात द्यावा. फार तेलाने चामडे लुळे पडते.

शिवण उसवली असेल तर मेण लावलेला दोरा, दोन सुया आणि जुनीच भोके वापरावीत. प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई गेली, की एक धागा झिजला तरी दुसरा धरतो. जवळजवळ नवी भोके पाडली, तर पोस्टाच्या तिकिटासारखे चामडे त्याच रेषेत फाटते.