सुवर्णदुर्गाचा शिलेदार, आरमाराचा सरखेल

रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णै बंदरासमोर, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, भर समुद्रात सुवर्णदुर्गाचा तट उभा आहे. आणि कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला ही तीन छोटी ठाणी जमिनीकडून त्याची पाठराखण करीत आहेत. मचव्यातून उतरून पूर्वेकडील दरवाजाशी गेले म्हणजे पायरीवर कोरलेले कासव आणि भिंतीवरील मारुती प्रथम दृष्टीस पडतात. मराठ्यांच्या आरमाराचा सर्वांत कर्तबगार सेनानी ज्या किल्ल्यात शिपाईगिरी शिकला, तो हा किल्ला. कान्होजी आंग्रे यांचे नाव पुढे कुलाबा, खांदेरी आणि विजयदुर्ग यांच्याशी अधिक निगडित झाले, हे खरे. तथापि त्यांच्या स्वभावाची पहिली ओळख इतिहासास झाली ती येथेच.

रायगड १६८९ साली मोगलांच्या हाती गेला, राजाराम महाराज जिंजीस जाऊन राहिले आणि कोकणातील किल्ल्यांना वरून ना रसद, ना हुकूम, अशी अवस्था आली. त्या पडत्या काळात जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गास वेढा घातला असता किल्लेदार अचलोजी मोहिते फितुरीच्या बेतात असल्याचे विशीच्या घरातील कान्होजींनी हेरले, शिबंदीतील माणसे आपल्या बाजूस वळवून त्यास कैद केले आणि किल्ल्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला, अशी परंपरागत हकिकत आहे. तिच्या सालाविषयी एकमत नाही. परंतु पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अधिकार हाती येताच या तरुणाने काय केले, तर निवडक माणसांनिशी किल्ल्याबाहेर पडून थेट शत्रूवर छापा घातला. छापा फसला, बरोबरचे लोक कामास आले आणि खुद्द कान्होजी सिद्दीच्या कैदेत पडले. तेथून निसटून, पोहत किल्ल्यात परत येऊन त्यांनी तो अखेरपर्यंत लढविला, या पराक्रमाचे पोवाडे आपण हौसेने गातो. मात्र मधल्या काळात, ज्या माणसांनी त्यांच्या शब्दावर आपल्या किल्लेदारास बेड्या घातल्या, ती माणसे धन्यावाचून तटावर उभी होती, याचा विचार आपण क्वचितच करतो. कान्होजींनी तो केला असला पाहिजे, असे त्यांचे पुढील चरित्र पाहता मानावेसे वाटते.

सिधोजी गुजरांच्या पश्चात, १६९८ च्या सुमारास, आरमाराचे आधिपत्य त्यांच्याकडे आले. सरखेल हा किताब मोठा, पण त्यामागचा संसार त्याहून मोठा होता. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी अशा अनेक जातिजमातींचे दर्यावर्दी, प्रत्येक गलबताचा तांडेल निराळा, गोलंदाज निराळे, लढाऊ शिपाई निराळे. या सर्वांचा पगार, शिधा आणि दारूगोळा वेळेवर पोहोचवायचा, डोलकाठीस व फळ्यांस लाकूड आणायचे, शिडाचे कापड व काथ्याचे दोर साठवायचे, आणि पावसाळा तोंडावर आला की सगळी तारवे खाडीत आणून शाकारून ठेवायची. नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळेपर्यंत एकही लढाई नाही, पण खर्च मात्र चालूच. या खर्चाच्या तोंडमिळवणीसाठीच, आपले दस्तक घेतल्याविना कोणत्याही व्यापारी जहाजाने या किनाऱ्याने जाऊ नये, हा दंडक त्यांनी इतक्या कसोशीने अमलात आणला. इंग्रजांनी त्यास चाचेगिरी म्हटले. पोर्तुगीज स्वतः दोन शतके हाच परवाना लोकांकडून वसूल करीत आले होते, हे मात्र इंग्रज सोयीस्करपणे विसरले.

त्यांच्या युद्धपद्धतीतही माणसे आणि तारवे राखण्याचा संयम दिसतो. गुराब म्हणजे दोन वा तीन डोलकाठ्यांचे, बसक्या नाळेचे तारू. त्याच्या मोठ्या तोफा नाळेवरून समोर डागल्या जात. गलबत त्याहून बरेच लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी खिळून राही. नेमक्या त्या वेळी गलबते गुराबांस दोर लावून ओढत नेत, त्या जहाजाच्या पिछाडीस, म्हणजे त्याच्या बाजूच्या तोफांचा मारा जेथे पोहोचत नाही तेथे, येत आणि तेथून शिडे व डोलकाठ्या तोडीत. वारा उलटला की माघार घेऊन खाडीत शिरत. एकट्या शूरास ही माघार लाजिरवाणी वाटेल. ज्याला उद्या हेच खलाशी आणि हीच तारवे पुन्हा दर्यात लोटायची आहेत, त्यास ती शहाणपणाची वाटते.

१७१२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराचे सशस्त्र जहाज कान्होजींनी धरले. त्यावर कारवारच्या इंग्रज वखारीच्या अधिकाऱ्याची पत्नी होती. तिला त्यांनी सुरक्षित ठेवले, आणि पुढील वर्षी ३०,००० रुपये खंडणी घेऊन, तहाच्या बोलण्यात तिचा उपयोग करून सोडून दिले. त्याच १७१३ साली त्याहून अवघड प्रसंग आला. शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे फौजेनिशी चालून आले असता कान्होजींनी त्यांनाच कैद केले. शाहूंच्या साताऱ्याचा मार्ग मोकळा होता, आणि सुवर्णदुर्गावरचा तो जुना तरुण असता तर कदाचित त्याने घोड्यावर मांड टाकलीही असती. त्याऐवजी नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्याशी ते बोलणीस बसले. बहिरोपंतांना सोडले, शाहूंच्या प्रतिस्पर्धी ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंची सेवा पत्करली, आणि मोबदल्यात सरखेली, दहा किल्ले व सोळा लहान ठाणी यांचा निर्वेध कबजा मिळविला. हा तह त्यांच्या आयुष्यातील कोणत्याही विजयापेक्षा मोठा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे फळ आठ वर्षांनी दिसले. १७१७ साली विजयदुर्गावर, १७१८ साली खांदेरीवर, १७२० साली पुन्हा विजयदुर्गावर इंग्रजांचे हल्ले फसले; म्हणून १७२१ अखेर इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून, इंग्लंडच्या राजाची जहाजे बरोबर घेऊन, अलिबागेच्या कुलाब्यावर आले. त्या वेळी समुद्राचा हा राजा घोडदळावर विसंबून होता. साताऱ्याहून कुमक आली, पेशवे बाजीराव आले, हल्ला मोडला, आणि पोर्तुगिजांनी मित्रास बाजूस ठेवून वेगळा तह उरकला. कोणाच्या मदतीस आपण जायचे आणि कोणाची मदत मागायची, याचा हिशेब बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या तहातच पक्का झाला होता.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. पुढे पुत्रांत दौलतीची वाटणी झाली, भांडणे लागली, आणि विजयदुर्ग तुळाजींकडे आला. तुळाजी शौर्यात बापास उणे नव्हते. १७४५ साली अंजनवेल त्यांनी सिद्दीकडून जिंकून घेतले. परंतु पेशव्यांशी त्यांचे बिनसले ते कायमचे, भाऊ मानाजी विरोधात, आणि जमिनीवरून कुमक येण्याची आशा राहिली नाही. १७५५ च्या एप्रिलात पेशव्यांच्या सहकार्याने इंग्रज कमोडोर जेम्स सुवर्णदुर्गावर आला आणि ज्या किल्ल्याने सिद्दीस दाद दिली नव्हती तो अल्पावधीत पडला. पुढल्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले; तोफांच्या माऱ्याने पेटलेली आग एका तारवावरून दुसऱ्यावर गेली आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. तुळाजींचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. किल्ला काही महिन्यांनी पेशव्यांकडे आला खरा, पण आरमार असे हाती येत नाही. ते विजयदुर्गासच धुळपांच्या हाताखाली, एकेक तांडेल आणि एकेक तारू जमवीत, नव्याने उभे करावे लागले.